पोच

वीब्रनने चाळीस वर्षं जनावरांना औषध दिलं,
त्यातल्या कितींना तरी शेवटचं.
फ्रीसलंडच्या या सपाट मुलखात, समुद्रबांधाखालच्या गोठ्यांतून,
घोटाभर शेणात उभं राहून
एका हातानं मान थोपटत, दुसऱ्यानं सुई.
"मी एकाही गाईला विचारलं नाही," तो मला म्हणाला,
"आणि तू मला चौथ्यांदा विचारते आहेस."

विचारावं लागतं. कायदा आहे, असं मी सांगितलं.
खरं तर मलाच ऐकायचं असतं पुन्हापुन्हा
की हे तुझं आहे, माझं नाही.

बोटं आधी गेली त्याची. मग मनगटं.
आता जीभही जड. 'पाणी' म्हणताना
शब्द ओठांवरून घरंगळायचा.
नियमाप्रमाणे परगावचा दुसरा डॉक्टर आला,
दार लावून तासभर बसला,
निघताना म्हणाला, माणूस शुद्धीवर आहे,
आपल्या दोघांपेक्षा जास्त.

तारीख ठरली. गुरुवार, दुपारी दोन.
यीत्स्केनं मला ओट्याशी गाठून विचारलं,
पाव किती दिवसांचा आणू?
औषधाची मात्रा मी झोपेत सांगेन.
पावाचं मला सांगता आलं नाही.

गुरुवारी पेटी घेऊन पोचले तर खोली रिकामी.
चाकाची खुर्ची गोठ्यात, तिच्यात तो, अंगावर घोंगडी,
आणि शेजारचा डाउवे, पंधरा वर्षांचा, कोपरापर्यंत साबण,
एका अडलेल्या मेंढीमागे गुडघ्यांवर.
"ओढू नको," वीब्रन सांगत होता,
एकेक अक्षर उचलून ठेवत.
"आधी आत ढकल. जागा कर. मग पाय शोध.
डोळे मीट. डोळ्यांचं काम नाही हे."

दोन वाजून गेले. अडीच.
पेटी मी पेंढ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.
मेंढीसमोर ती बरी दिसेना.

कोकरू आलं ते निळसर, निपचित.
"मागचे पाय धर. झुलव. नाकात काडी घाल गवताची."
आणि ते शिंकलं.

वीब्रननं माझ्याकडे पाहिलं. "आज नको."

गाडीत बसल्यावर मला हसू फुटलं, मोठ्यानं,
मग त्या हसण्याची लाज वाटली.
सुटलं कोण होतं?
जगणं जिंकलं वगैरे मनात येऊन गेलं,
तेही काच खाली करून बाहेर टाकलं.
तो काही बरा झाला नव्हता. यीत्स्के रात्री
दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवत होती.
त्यानं एक काम तेवढं हातावेगळं केलं होतं,
हात नसताना.

की समोर मी होते म्हणून म्हणाला, आज नको?
माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं त्यानं,
ज्यानं जन्मभर मुक्यांचेच चेहरे वाचले?
हे विचारायचं राहिलं.
चार वेळा विचारलं, ते सोडून.

नवव्या दिवशी पहाटे तो आपणहून गेला,
यीत्स्के चहा टाकायला उठली तेवढ्यात.
टेबलावर अर्धा पाव होता.
मी तो पाहिला,
आणि मी पाहिलेलं तिनं पाहिलं.

पेटी परत करावी लागते, कुप्या मोजून.
औषधांच्या दुकानातल्या हूकस्ट्रा बाईंनी चष्मा वर सरकवून
एकेक कुपी उजेडात धरली, सील तपासलं,
रकान्यात लिहिलं: वापरलेलं नाही.
पोच माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या,
"बरं झालं की नाही?"

सही केली मी.
तारीख मात्र त्या गुरुवारची पडली,
ती खोडून पुन्हा लिहिली.