सात मिलिमीटर

कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत
रियासतभाईंच्या गाड्यावर
संत्री पिळून झाली की साली माझ्या.
रोज संध्याकाळी अर्धं पोतं.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, गायीसाठी का?
म्हटलं, जंतूंसाठी.
"बरं आहे," म्हणाले, "गिऱ्हाईक वाढलं."

तीन तास उकळतात साली.
वाफ काचेच्या नळीतून चढते, गारठते,
आणि पाण्यावर तरंगत येतं
किलोभर सालींचं चमचाभर तेल.
जिना मग खालपर्यंत संत्र्याचा होतो.
शिपाई वासनिककाका नाक वर करतात,
"काहून वं पोरी, आज मेडिकलचा वास कुठी गेला?"

बाहेर चव्वेचाळीस.
इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
एप्रिलात या शहरात कुणी सुखात असेल
तर माझ्या थाळीतले जंतू.
(माझ्या टेबलावरचा पंखा बंद आहे,
त्याचा अर्ज वेगळा.)

कागदाची टिकली, सहा मिलिमीटरची,
तेलात भिजवायची, चिमट्याने ठेवायची
पेरलेल्या जंतूंच्या मधोमध,
आणि घरी जाऊन झोपायचं.
सकाळी टिकलीभोवती स्वच्छ गोल.
पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे,
मी वहीत लिहिते, खळं.
चंद्राला पडतं तेही, मळणीचंही.

देवलापारचे सोनबा धुर्वे
नाल्याकाठी तांब्याच्या भट्टीत तिखाडी गाळतात,
एसटीच्या कंडक्टरकडे बाटली देतात,
बाटलीवर अजून खोकल्याच्या औषधाचा कागद.
त्या तेलाचं खळं चोवीस भरलं.
ओव्याचं एकोणीस. संत्र्याचं चौदा.
चौदासुद्धा मी दोनदा मोजलं, स्केल पुसून,
आणि त्या रात्री वडिलांना फोन करून सांगितलं.
एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.

मी रियासतभाईंनाही सांगितलं होतं.
तुमच्या सालीने जंतू मरतात.
सांगताना हसले होते.
थाळीतले, हा शब्द म्हणाले होते की नाही,
आठवत नाही.

मशीनच्या पात्याने बोट कापलं
तेव्हा ते कुठेच गेले नाहीत.
साल चोळली, फडकं बांधलं,
आठ दिवस उजव्या हाताने गिऱ्हाईक केलं.
नवव्या दिवशी पोतं देताना म्हणाले,
"मॅडम, हाताला द्राक्षाचा वास येतोय.
मी तर द्राक्षं ठेवतच नाही."

मला तो वास माहीत होता.
मी पोतं तिथेच टाकलं.

स्वॅब मीच लावला.
सकाळी थाळी हिरवट, ओली चमक,
झाकण उघडताच तेच गोड फळ.
अकरा औषधांपैकी दोन चालली.
दहा दिवस इंजेक्शनं, वॉर्ड तेवीस,
साखर तीनशेच्या वर,
आणि बोटाचं टोक गेलं.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी एका रात्री मी
त्यांच्याच जंतूसमोर त्यांचीच साल ठेवली.
सात भरलं.
टिकली सहाची. म्हणजे
दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर.
तिखाडीचंही आठाच्या पुढे गेलं नाही.
सर म्हणाले, तक्त्यात "परिणाम नाही" लिही,
सातला कुणी विचारत नाही.
मी सात लिहिलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात गाडा पुन्हा लागला.
माल संपत आलेला, मृगाची शेवटची संत्री,
पातळ सालीची, डाव्या हाताने पिळलेली.
त्यांनीच विषय काढला,
"माझी साल कितीने कमी पडली?"
मी अंगठा आणि बोट जवळ आणलं,
आणखी जवळ,
तेवढं अंतर हाताने दाखवता येत नाही.
ते वाकून बघत राहिले.
"एवढ्यात तर बीसुद्धा अडकते," म्हणाले,
आणि पोत्याचं तोंड बांधून
पायाने माझ्याकडे सरकवलं.