मधात तोडा

पुन्हा थिजला पडदा.
सोमाजी गजभिये खांबावर,
डावा पाय वर, उजवा हवेत,
आणि तोंड असं अर्धवट उघडं
की हाक होती की शिवी, कळायला मार्ग नाही.
चार मिनिटं सतरा सेकंद.
रोज इथंच. निळं चक्र फिरत राहतं
आणि बाकी काहीच हलत नाही.

तीस मेची रात्र, मानेवाडा, साडेअकरा.
कूलरचं पाणी संपत आलंय,
आता नुसत्या सुक्या गवताचा वास येतोय वाऱ्याला.
कॅबिनेटचं झाकण उघडून
घरातला एकमेव टेबलफॅन मी त्याच्याकडे वळवलाय.
नवरा गच्चीवर गेला, काही न बोलता.

उद्या पाच वाजता निरोप समारंभ.
साहेब म्हणाले होते,
मॅडम, तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे ना,
छोटंसं काहीतरी जोडून टाका.
मी बिलिंगमधली. मला आकडे जोडता येतात.
हे बत्तीस तुकडे आहेत,
अकरा जणांनी अकरा फोनांतून पाठवलेले,
काही उभे, काही आडवे, एक पूर्ण उलटा.

कॅशे रिकामा केला.
ड्रायव्हर नवा टाकला, मग जुनाच परत आणला.
पोराचा गेम उडवला (ते भांडण उद्या).
सीताबर्डीहून रॅमची पट्टी आणली.
दुकानदार म्हणाला, आता पाहा ताई, कसं पळते तुमचं मशीन.
पळालं.
चार मिनिटं सतरा सेकंदांपर्यंत.

मग आठवलं. बेसा रोडचा फीडर,
दर दहा मिनिटांनी ट्रिप होणारा,
आणि नवीन इंजिनिअर पहिल्या खांबापासून
मान वर करून मोजत निघालेला.
गजभिये विडी विझवत म्हणाले होते,
एक एक खांब काहून पाहून राहिले साहेब?
मधात जम्पर तोडा. अर्धी लाइन चालू करा.
टिकली, तर फॉल्ट तिकडे. नाही टिकली, तर इकडे.
मग त्याचंही अर्ध करा.
फॉल्ट आपल्या पायानं चालत येते.

सोळा ठेवले, सोळा बाजूला.
थिजला.
आठ. चालला; म्हणजे उरलेल्या आठांत.
चार. दोन.
एक.

तो खांबावरचा नव्हताच.
त्याच्या नंतरचा होता, जो मी अजून पाहिलाही नव्हता,
अकरा सेकंदांचा, शेवंताबाईंनी घरी काढलेला:
लाइनमनच्या घरची लाइट गेलेली,
गजभिये मेणबत्तीशी बसून वरण-भात खातायत
आणि बायकोकडे बघून लाजल्यासारखे हसतायत.
जुना फोन. उजेडात सेकंदाला तीस चित्रं काढायचा,
अंधारात धापा टाकत बारा, कधी नऊ.
माझ्या मशीनला ती चाल झेपत नव्हती.

तेवढा एक तुकडा आधी वेगळा घेतला,
पंचवीसच्या एका चालीत बसवला,
परत जागेवर ठेवला.
चार पंधरा. चार सोळा. चार सतरा.
उजवा पाय टेकला खांबाला
आणि इतक्या दिवसांनी तोंडातलं वाक्य पूर्ण झालं:
व्हिडिओ काय काढतं बे, शिडी धर!

मी एकटीच हसले. एक्स्पोर्ट दाबलं.
पंधरा टक्के. चाळीस.
एकाहत्तरवर
पंखा, कूलर, पडदा, समोरची अख्खी गल्ली
एकदम गेली.

फोन मी करायच्या आत वाजला.
मॅडम, तुमच्याकडची गेली ना? डीपीवरूनच बोलतो.
झोपू नका, वीस मिनिटं.
उद्या रिटायर होणारा माणूस.
काकाजी, आज तरी दुसऱ्या कुणाला पाठवायचं, म्हटलं.
म्हणाले, दुसरा कोण आहे?

खिडकीतून दिसतोय टॉर्चचा ठिपका.
डावा पाय वर.
शिडी कुणी धरलीय की नाही, इथून कळत नाही.
मी खाली निघालेय,
आणि अंधारात एक चप्पल सापडतेय,
दुसरी सापडत नाही.