हलू नका

गावाचं नाव हल
आणि खुर्ची आडवी झाल्यावर डॉक्टरचं पहिलं वाक्य : हलू नका.
डॉक्टर थ्वेट इंग्रजीतच म्हणाली,
मी ते मनात मराठीत ऐकलं
आणि निळ्या रबराच्या पडद्याआड एकटीच हसले.
पडद्याला एक भोक, भोकातून एकच दात वर,
आरोपीसारखा उभा.

फेब्रुवारीत ठणकत होता.
हंबर नदीवरून वारा सुटला की कळ कानापर्यंत.
लवंग झाली, मीठपाणी झालं,
कारखान्यात कॅरव्हॅनचे हिशेब मी गालावर हात ठेवून केले.
मग एका मंगळवारी थांबला, आपोआप.
सुटले म्हटलं. त्याच बाजूनं आइसक्रीम खाल्लं.
जूनमध्ये हिरडीवर पुळी आली.

एक्स-रेवर तिनं पेन टेकवलं :
मुळाच्या टोकाशी काळसर डाग, मसुराएवढा.
"दुखायचं थांबलं ना, लव्ह, तेव्हाच आतली नस मेली.
मेलेलं सडतं. सडलेलं खाली उतरतं,
हाडात घर करतं.
वरून दात अगदी चांगला."

पमी, तुझ्यावर दात धरून मला नऊ वर्षं झाली.

हीथ्रोवर धुकं होतं. पाच तास.
तुम्ही थांबला नाहीत.
मी मिरजेला पोचले तेव्हा आई नव्हती,
अंगण होतं, धुतलेलं, अजून ओलं.
पहिली दोन वर्षं ठणकलं. मग थांबलं.
मनात काही नाही आता, असं मी सगळ्यांना सांगत आले.
दिवाळीला आपण एकमेकींना
दिव्याचं चित्र पाठवतो.

तीन वाटा तिला लगेच सापडल्या.
केसासारख्या सुया, एकीनंतर एक,
आत जाऊन काहीतरी खरवडून आणणाऱ्या.
पोहण्याच्या तलावाचा वास.
टोक जवळ आलं की यंत्र घाईघाईनं वाजायचं
आणि ती तिथंच हात आवरायची.
मग भिंगाला डोळा लावून बसली, बराच वेळ.
चौथी असते कधीकधी, म्हणाली,
ती राहून जाते, मग सगळं पुन्हा उपटतं.

छताला एका तराफ्याचं चित्र चिकटवलेलं होतं.
मी त्याच्याकडे बघत होते
आणि मला माझाच आवाज ऐकू आला, विमानतळावरचा,
तुला फोनवर सांगणारा :
थांबू नका माझ्यासाठी.

म्हणायचं म्हणून म्हटलं होतं मी.
तू ऐकलंस.

"सापडली," थ्वेट म्हणाली.

धुतलं, कागदाच्या काड्यांनी टिपलं,
कुठल्याशा झाडाचा चीक तापवून भरला.
आता ह्या दाताला गरम कळणार नाही, गार कळणार नाही,
पण चावेल, बरीच वर्षं.
तीन आठवड्यांनी टोपी बसवायची.
"आणि बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नका,
स्वतःचाच ओठ चावाल, कळणारही नाही."
आपलेच दात, आपलेच ओठ.
आईचं वाक्य, यॉर्कशरच्या पोरीच्या तोंडी.

बसथांब्याजवळ फोनची जुनी खोकी आहे. इथे ती लाल नसतात,
साईच्या रंगाची असतात. तिला टेकून
मी तुझा नंबर लावला. तिकडे साडेनऊ झाले असणार,
तू पातेली निवत ठेवली असशील.
प फ ब भ म : ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत,
शाळेत बाई आरशासमोर उभं करून म्हणवून घ्यायच्या.
तुझं नाव त्यातल्याच दोन अक्षरांचं.
जे बाहेर आलं ते नाव नव्हतं.

"कोण? कोण बोलतंय?"
पुन्हा म्हटलं. हनुवटीवर लाळ, बोट लावल्यावर कळली.
"दाताकडे गेली होतीस का तू?"
हं.
"खालचा? डावा?"
हं.
"सावकाश बोल मग. मी थांबते."

बस आली,
दार उघडून उभी राहिली जरा,
गेली.