अपघाताचं ठिकाण

अर्जात एक चौकोन आहे : अपघाताचं ठिकाण.
गाव. तालुका. जिल्हा.
रुझार आफोंसो, राहणार वेळसांव,
टेबलाच्या कडेला टेकून उभा.
खुर्ची नको म्हणतो, बसलं की कळ थेट टाचेत उतरते.
"पाणी लिही, बाय. चहूकडे पाणीच होतं.
गाव असतं तर उतरलो नसतो?"

अठरा वर्षं वास्कोत मी असले अर्ज टाइप करते.
समुद्राला तालुका नसतो, ठाऊक आहे मला.
पण चौकोन रिकामा दिसला की कागद परत येतो,
माणसापेक्षा लवकर.

इंजिन रूमची शिडी. वरून सातवी पायरी. तेल.
"ते पुसायचं काम माझंच होतं," तो म्हणाला, "तेही लिही."
माझी बोटं थांबली.
मग मी सांगितलं, घसरणं हा गुन्हा नव्हे.
मुद्दाम केलेलं नसेल
तर बोटीवर मोडलेल्या माणसाचा पगार
बोटीनेच द्यायचा, असा कायदा आहे.
तो हसला. पहिल्यांदाच.
"मग लिही की."

कंपनी कळवते : दुखणं जुनं दिसतं.
चढताना यांच्याच डॉक्टरने मणका न् मणका
फणस वाजवून घेतात तसा वाजवून घेतला होता,
आणि शिक्का मारला होता : सक्षम.
ती झेरॉक्स त्याने पावाच्या पिशवीत जपून आणली आहे,
अक्षरांना मैद्याची पूड लागलेली.

करारात सोळा आठवडे. कंपनीच्या हिशेबात अकरा.
राहिलेले पाच कुठल्या बंदरात उतरले
कोण जाणे.
त्याची बायको पेर्पेत रविवारच्या मिसांवर मोजते.
पूर्वी पगार आला की तिला महिना कळायचा;
आता चर्चमध्ये मागे उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे
वळून बघते, आणि एक बोट मिटते.

खिडकीतून मुरगाव बंदरात नांगरलेली जहाजं दिसतात.
त्याने तिकडे पाठ केली आहे, की पाठीनेच
त्याला तसं उभं केलं आहे?

चौकोनात मी अक्षांश टाकले, रेखांश टाकले,
लॉगबुकच्या नकलेत होते तसे.
तालुक्यापुढे मुरगाव.
दुखणं आता इथंच राहतं ना.

सही करून तो निघाला.
आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
कठड्याला धरून एकेक पायरी.
पुढचा अर्ज मशीनवर चढवून
मी नुसती ऐकत बसले.
सातवीवर तो थांबला.