ओळंबा

अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी मायक्रॉन मोजले.
केसाच्या जाडीचा सत्तरावा हिस्सा
इकडचा तिकडे झाला
की बेअरिंगचं कडं लाल डब्यात.
आता उजवा हात थरथरतो.
चहा बशीत सांडतो,
बायको म्हणते, सांडू दे.

डॉक्टर म्हणाले, मातीत काम करा, दुसाने.
गोळ्या लिहिल्याच त्यांनी,
पण हेही म्हणाले.

पाथर्डी फाट्यामागे आमच्या कॉलनीची मोकळी जागा.
कागदावर उद्यान.
प्रत्यक्षात फुटक्या फरश्या, थर्माकोल,
कमोडचं एक झाकण,
आणि कुणीच न लावलेले एरंड.
सचिव पगारसाहेबांना तिथे पार्किंग हवं होतं.
(अजून हवंच आहे.)
मार्गशीर्षात, निफाडची थंडी इथवर येऊन बसलेली असताना
आम्ही अकराजण कानटोप्या घालून फरश्या वेचल्या.

मग मी दोरी बांधली.
नऊ बाय तीनचे वाफे, काटकोनात, चुना टाकून.
सोमीबाई भोये, पेठकडच्या,
चार घरची भांडी उरकून आलेल्या,
चुन्याकडे बघून पदराआड हसल्या.
"भाऊ, पानी काय तुमच्या कंपनीत नव्हतं कामाला."
आणि वरच्या अंगाला एक बादली ओतली.
पाणी तिरकं गेलं,
नाल्याकडे, नासर्डीकडे,
जाता जाता माझी रेघ घेऊन.

पुढच्या शनिवारी तांबोळी बाई
मनपा शाळेची सातवी घेऊन आल्या.
तीन काठ्या, इंग्रजी एसारख्या बांधलेल्या,
शेंड्यावरून सुतळीला लोंबता दगड,
आडव्या काठीवर पेन्सिलची खूण.
दोन्ही पाय एका पातळीत आले
की सुतळी खुणेवर येते.
तिथे काडी रोवायची, एक पाय फिरवायचा, पुढे.
एवढंच हत्यार.
माझ्या कपाटात जपानी व्हर्नियर आहे,
मखमलीच्या डबीत,
त्याला तेल लावायचं राहून गेलंय.

मुलांनी काठ्या माझ्या हाती दिल्या,
कंपनीतले म्हणून.
दगड थांबेना.
वारा नव्हता.
मुलांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे,
मग शहाण्यासारखं एरंडाकडे.
एकटी अलीना पिंजारी दगडाशी उकिडवी बसली.
"हलू दे की, आजोबा.
इथवर जातोय, तिथवर जातोय,
दोन्हीच्या मधोमध धरायचं."

एकतीस वर्षांत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौदा काड्या रोवल्या.
रेघ निघाली बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी.
तिच्यावरून चर खणला, गुडघाभर.
कॉलनीचा पालापाचोळा,
आणि गंगेवरून आणलेलं दोन पोती निर्माल्य,
त्यातला दोरा आणि जर
मुलांनी ओसरीवर बसून वेचली.
झेंडूचा कुजका, गोड वास
आठवडाभर बोटांना.
बायकोने हात हुंगला, काही बोलली नाही,
भाकरी वाढली.

पाथरी मी तण म्हणून उपटत होतो.
सोमीबाईंनी ती माझ्या हातून काढून घेतली,
मुलांना एकेक पान चावायला दिलं.
वह्यांत नाव, चव, पानाचा ठसा.
एकाने चवीच्या रकान्यात लिहिलं:
कडू, पण नंतर नाही.

हात तसाच आहे.
माघात मेथी टाकायची होती.
मूठ भरली, चरावरून चालत गेलो,
हाताचं जे चाललंय ते चालू दिलं.
आठव्या दिवशी कोंब आले,
कुठे दाटी नाही, कुठे टक्कल नाही.

सोमीबाई वाकून बघत राहिल्या.
म्हणाल्या, अशी पेर माझ्या सासऱ्याची होती.
त्याला मात्र हात मुद्दाम हलवावा लागायचा.