घर ओढून नेलं त्या वर्षी

मला चित्रातलं कळत नाही.
लाकडातलं कळतं. आलेर्सेची फळकुटं
माशाच्या खवल्यांसारखी भिंतींवर बसवत
चाळीस वर्षं गेली या चिलोए बेटावर.

एदेल्मिरा आली वाळवंटातून, पिका गावची.
तिथं मातीची घरं, आणि सावली म्हणे
सुरीनं कापलेली: इकडं पांढरं, तिकडं काळं,
मधे उभं राहायला जागाच नाही.
आमचं गावही ती तसंच काढायची.
बायको म्हणाली, हे आपलं घर नव्हे,
घराची हाडं वाळत घातलीत उन्हात.

पहिले दोन हिवाळे ती ऊन शोधत होती.
खांबांवरची खोली तिची. भरती आली की
जमिनीच्या फटींतून उजेड वर चढायचा,
छतावर हलत राहायचा.
ती चिडून डोक्यावरून पांघरूण घ्यायची.

एकदा मी शिडीवर, ती खाली.
"हे फळकूट कुठल्या रंगाचं?"
म्हटलं, कुठल्या सालचं ते विचारा.
नवं असतं भाजल्या पावासारखं,
मग राख,
मग कधीतरी चांदी.
उत्तरेच्या भिंतीला ती लवकर चढते,
ऊन इकडं उत्तरेनं चालतं ना.
दक्षिणेला नुसतं शेवाळ.
ती काही बोलली नाही.
काळ्या रंगाची ट्यूब माझ्या नातवाला दिली.
त्यानं होडी रंगवली.

त्यानंतर अकरा वर्षं एकच घर,
क्लोरिंदाबाईंचं, खाडीच्या काठचं.
करड्यावर करडा, त्यावर ओला करडा.
भिंत कुठं संपते, पाऊस कुठं लागतो,
बघायला नाक टेकवावं लागे कॅनव्हासला.

मग काठ ढासळायला लागला.
गाव जमलं. घराखाली ओंडके सारले,
बैलांच्या सहा जोड्या, दोर, आरडाओरडा,
आणि पडद्यांसकट घर निघालं टेकडीवर.
एदेल्मिरा मागून चालत होती, हात रिकामे,
मयताला चालावं तशी.

वर नेऊन टेकवलं, तर तोंड फिरलेलं.
खिडकीत समुद्र नाही, बटाट्यांचे वाफे.
आणि दक्षिणेची ती हिरवी, बुरसटली भिंत
जन्मात पहिल्यांदा उन्हाला सामोरी.
सगळे सफरचंदाची दारू प्यायला गेले.
मी हत्यारं गोळा करत होतो.
तिनं पेटीच्या तळातून काढली
घट्ट बसलेल्या झाकणाची पिवळी ट्यूब.
माझ्याकडून पक्कड मागितली.

"शेवाळ सुकायला किती दिवस?"
म्हटलं, दोन उन्हाळे तरी.
"बरं," म्हणाली,
आणि स्टूल भिंतीजवळ ओढलं.