रेघ

गगनबावड्याच्या स्टँडवर कटवडा खाऊन निघालो, तेव्हा साडेसहा.
सयाजीकडं पाण्याच्या तीन बाटल्या, माझ्या गुडघ्याला पट्टी,
आणि धाकलू झोरेंकडं काहीच नाही,
कमरेला आकडीत अडकवलेली कोयती सोडली तर.

कारवीतून वाट वर जाते म्हणायचं,
खरं तर वाट म्हशींची आहे
आणि म्हशींना वर जायची घाई नसते.
शेणाचे वाळके पो मोजत गेलो,
श्वास मोजायला नकोत म्हणून.
बावन्नाव्याला बसलो.
जांभ्याचा दगड अजून रात्रीचा गार.
धाकलूंनी हिरडा दिला. "चघळा. बोलू नका."

मग झाडी संपली, सडा लागला,
आणि सडाही एकदम
संपला.

खाली कोकण.
करूळ घाटातला ट्रक काडेपेटीएवढा,
हॉर्न मात्र पुऱ्या मापाचा, उशिरा पोचणारा.
कौलं. नदीचा एक तुकडा. कुणाच्या तरी न्याहारीचा धूर.
दरीतला वारा इथं सरळ वर येतो;
सयाजीनं टोपी फेकली, ती परत आली.

आणि सगळ्याच्या पार, टोकाला, एक दुधी रेघ.
"समुद्र," सयाजी म्हणाला.
"धुकं," मी.
पैज लागली, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची.
निकाल धाकलूंकडं.

घरातल्या भिंतीकडं बघावं तसं ते बघत राहिले.
"समुद्रच की. रोज असतोय.
गेल्तो एकदा. देवगडला, पोरीच्या सोयरिकीला.
समदी पाण्यात पाय बुडवत हुती.
म्या पाण्याला पाठ केली
आन् आपला डोंगर हुडकत बसलो.
समदं निळं निळं, सारखंच.
ह्यो म्हनावं तर त्यो बी.
घावला न्हाई."

कोयतीनं त्यांनी एक फांदी उगाच तोडली.

उतरताना फक्त गुडघा बोलला.
संध्याकाळच्या एसटीत, कळ्याच्या अलीकडं,
उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो असताना
फोनमधला फोटो मोठा करून बघितला.
रेघ आलीच नव्हती.
सयाजीचा अंगठा, बरंचसं आभाळ,
आणि कोपऱ्यात धाकलू.
समुद्राकडं नाही, आमच्याकडंही नाही,
ते पायाखालच्या डोंगराकडं बघत होते,
खूण पटवून ठेवावी तसे.

कोल्हापूर आलं.
रश्श्याचे पैसे मीच दिले.